दुसरी ओळ

मुरूडच्या किनाऱ्यावरून निघालो आणि पहिल्याच वळणाला आम्ही दोघी पडलो. वाळू मऊ होती म्हणून निभावलं. सायकल आडवी, तिच्याखाली माझा एक पाय, आणि माझ्या पाठीवर माझ्या सासूबाई.

"आई, लागलं का हो?"

"मला काय लागतंय? मी तुझ्यावर पडले. तुझं सांग."

पुढे गेलेला अश्फाक सायकल टाकून पळत आला. आमची सहल त्यानेच आखलेली. दाभोळचा अश्फाक मुकादम, उन्हाने रापलेला, काटकुळा, बोलायला लागला की थांबायचं नाव नाही.

"उठा मावशी, हात द्या. सुरुवातच दणक्यात केलीत की!"

"देते रे बाबा हात. आधी सांग, समुद्र कुठल्या अंगाला आहे?"

"उजवीकडे."

"तरीच. हिचा हात डावीकडे वळत होता आणि हिचं तोंड उजवीकडे होतं."

खरंच होतं ते. पाण्यातला पद्मदुर्ग सकाळच्या उन्हात नुकताच उजळला होता आणि माझी नजर तिकडे गेली होती. आईंना ते दिसलं नव्हतं. त्यांना दोन वर्षांपासून काहीच दिसत नव्हतं. काचबिंदूने आधी कडा खाल्ल्या, मग मधलंही नेलं. पण पुढे बसलेल्या माणसाची मान कुठे वळली, ते त्यांना हँडलच्या थरथरीतून कळलं होतं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. हेमंतचे केस तेव्हा सगळे काळे होते. हेमंत म्हणजे माझा नवरा, आईंचा एकुलता एक मुलगा. मुरूडपासून जयगडपर्यंत, जलदुर्गांच्या ओळीने, किनाऱ्याकिनाऱ्याने सायकलवर जायचं, अशी ती सहल. आठ-दहा जण होते. मागे सामानाचा टेम्पो होता. थकलेल्याने त्यात बसावं, सायकल वर टाकावी, मुक्कामी उतरावं. आमची सायकल दोन बैठकांची, एकामागे एक. अश्फाक तिला जोडसायकल म्हणायचा. पुढे मी, मागे आई. मी बघायचं, दोघींनी पायडल मारायचं.

त्यात आमचा एक सौदा होता.

आम्ही दोघं कामाला गेलो की हेमंत घराला बाहेरून कुलूप लावायचा. आई आत असायच्या. एकदा त्या एकट्या जिना उतरून गेल्या होत्या आणि दोन गल्ल्या पलीकडच्या बसथांब्यावर सापडल्या होत्या. हेमंत म्हणाला, हरवली होतीस. आई म्हणाल्या, ऊन खात बसले होते. त्या दिवसापासून दाराला पितळी कुलूप आलं. एक किल्ली हेमंतकडे, एक माझ्याकडे, एक शेजारच्या काकूंकडे, अडीअडचणीला. आईंकडे नव्हती.

चौतीस वर्षं पुरंदरच्या वाड्यावस्त्यांवर मास्तरीण म्हणून सायकलवरून फिरलेली बाई ती. पण कुलपावरून कधी भांडली नाही. फक्त या सहलीची जाहिरात मी वाचून दाखवली तेव्हा म्हणाली,

"हेमंता, मी जाते रेवतीबरोबर. सगळी वाट माझ्या पायानं गेले, त्या टेम्पोत एकदाही बसले नाही, तर किल्ली माझी. बसले, तर तुझं कुलूप तुला लखलाभ. परत शब्द काढणार नाही."

हेमंत हसला. "आणि होडीत बसलीस तर? मध्ये खाड्या आहेत."

"होडीत सगळेच बसतात. टेम्पोत सामान बसतं."

तो कबूल म्हणाला. चेष्टेत म्हणाला हे मला कळलं होतं. आईंनाही कळलं असणार.

*

पहिल्या दिवशी आमचं काही म्हणजे काही जमलं नाही.

सपाटीला बरं चालायचं. सुरूच्या बनातून वारा शिट्टी घालत यायचा, वाळत घातलेल्या बोंबलांचा वास यायचा, आई मागून विचारायच्या, "गाव आलं ना गं?" पण आगरदांड्याला होडीत बसून पलीकडे दिघीला उतरलो आणि रस्त्याने मान वर केली. चार हात गेलो की सायकल डुलायची, जागच्या जागी मरायची. उतरायचं, ढकलायचं. बाकीची मंडळी कधीच डोंगरापलीकडे गेलेली. मागे टेम्पो पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत असायचा. त्याचा ड्रायव्हर मधूनच भोंगा वाजवायचा, तो आपला प्रेमाने.

"आई, खड्डा आहे हं. आई, जरा डावीकडे. आई, दमलात का?"

"नाही गं. तू दमलीस का?"

"छे, मी कुठली!"

असं एकमेकींना विचारत विचारत आम्ही श्रीवर्धनला पोचलो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. अश्फाक रस्त्यावर बॅटरी घेऊन उभा होता. मला बाजूला घेऊन म्हणाला,

"मॅडम, रागावू नका. अंधारात मी कुणाला रस्त्यावर ठेवत नाही. उद्या बाणकोट ओलांडल्यावर वेळासच्या पुढे मोठा चढ आहे. दुपारपर्यंत माथ्यावर नाही आलात, तर टेम्पो. मावशींना तुम्ही सांगा, मला नाही सांगवणार."

मागून आवाज आला, "ऐकलं रे मी. झोप जा."

दुसऱ्या दिवशी बागमांडल्याला होडीतून खाडी ओलांडली. वरती बाणकोटचा हिम्मतगड. आईंनी त्याच्या भिंतीला दोन्ही हात लावले, चिऱ्याच्या सांध्यातून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "आतून गार आहे. कुणीतरी श्वास धरून बसल्यासारखी." मग वेळासच्या नारळी-पोफळी संपल्या आणि तो चढ आला. पहिल्या वळणाला सायकल डुलली. मेली. उतरलो.

अश्फाक मुद्दाम मागे थांबला होता. तो खाली बसला आणि कपाळाला हात लावून हसायलाच लागला.

"काय झालं?" मी चिडून विचारलं.

"मी सकाळपासून मागून बघतोय. आता समजलं. चढ आला की मॅडम पाय सैल सोडतात, मावशींवर जोर नको यायला म्हणून. आणि मावशी पाय सैल सोडतात, मॅडमवर जोर नको यायला म्हणून. दोघी एकमेकींचा मान राखताय. मग सायकल कोण चालवणार, मी?"

आम्ही दोघी पकडलेच गेलो होतो. माझ्या लग्नाला सात वर्षं झाली होती, आणि सात वर्षं आमचं घर असंच चाललं होतं. शेवटची पोळी तुम्ही घ्या, नाही तू घे. ती पोळी डब्यात वाळायची.

आई मग सायकलच्या दांडीवरून हात फिरवत म्हणाल्या, "हे जात्यासारखं आहे."

"म्हणजे?"

"एका खुंट्याला दोघींचे हात. मी नवी नवरी होते तेव्हा गावात गिरणी नव्हती. माझ्या सासूसमोर बसून दळायचे मी. तिला जोर नको म्हणून मी ओढायची हळू, मला जोर नको म्हणून ती. पीठ पडायचं भरड, निम्मे दाणे अख्खे. मग सासू म्हणाली, अशानं पोरं उपाशी मरतील. गा आता. मी पहिली ओळ टाकते, दुसरी तू उचल."

"ओवी?"

"ओवीच. पण तिथला एक नियम होता बघ. जात्यावर सुनेनं सासूला काय वाटेल ते बोलावं. सासूनंही सुनेला. दळण सरलं, जातं पुसून घेतलं, की बोललेलंही पुसलं. मनात धरायचं नाही. एकदा तोंडानं मान सोडला की हातानंही सुटतो."

"मला नाही येत हो ओव्या करायला."

"मलाही येत नव्हत्या. हेमंताला तर पाचव्या वर्षी शिकवलं. मी त्याला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत न्यायची. वाटेत एक चढ होता. पायथ्याला मी पहिली ओळ टाकायची. माथा यायच्या आत त्यानं दुसरी सांगायची. नाही जुळली तर खाली उतरून चाल. आणि एकच शब्द दोनदा जुळवून चालायचं नाही, ती लबाडी." त्या हसल्या. "फार चालला बिचारा. पण शिकला. बस पुढं."

बसलो. अश्फाकने मागून धक्का दिला. सायकल वळणाला लागली आणि माझ्या मानेमागे, अगदी कानाशी, आईंचा आवाज उठला. जुना, खरखरीत, चुलीच्या धुरातून आल्यासारखा आवाज.

*घाटाच्या वळणाला गं, सून माझी थबकली…*

आणि थांबल्या. पायडल एक फेरा फिरलं. दुसरा फेरा फिरलं. ओळ हवेत लोंबकळत राहिली. माझ्या तोंडून काही फुटेना, सायकल पुन्हा डुलायला लागली, आणि घाबरून मी जे आलं ते ओरडले,

*मागं बसून सासूबाईनं, चार घावनं पचवली!*

सात वर्षांत मी त्यांना असं काही बोलले नव्हते.

"चार?" आई म्हणाल्या. "तीन होती! आणि यमक लंगडं आहे."

"आई, मी…"

"पण पाय जुळला. कळलं का तुला? घे पुढची, तू टाक."

खरंच जुळला होता. पायाखाली काहीतरी बदललं होतं. आतापर्यंत सायकल दोन तुकड्यांत चालायची, आता ती एकच झाली. मी खाली दाबलं की मागूनही दाब यायचा, पाठीत कुणी हात ठेवावा तसा. एका ओळीला चार फेरे. ओळ संपताना दम घ्यायचा, की दुसरी त्या उचलणार. वरून वास आला आणि मी टाकली,

*चढणीच्या माथ्यावर, आंबा लागला मोहरायला…*

श्वास घ्यायच्या आत मागून आली,

*डोळ्यांची गं चाकरी, नाक लागलं करायला!*

आम्ही त्या चढावर एकमेकींना काय काय बोललो! माझ्या आईने मला लोण्यात ठेवली होती, हे निघालं. त्यांच्या आमटीत मीठ नसतं, हे निघालं. माझ्या माहेरची भाऊबीज निघाली, त्यांच्या बहिणीची जीभ निघाली. काजूच्या बागेत काम करणाऱ्या बायका कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. एकजण ओरडली, "गो बायांनो, भांडतास की गातास?"

"दोन्ही!" आई ओरडल्या.

माथ्यावर अश्फाक पोचायच्या आधी आम्ही पोचलो. उतरल्यावर आईंनी आपल्या पदराने सायकलचं हँडल पुसलं, दांडी पुसली, दोन्ही बैठका पुसल्या.

"झालं," म्हणाल्या. "पुसलं. आता पाणी दे."

*

मग तीन दिवस आम्ही नुसत्या पळत होतो. केळशी गेली, आंजर्ले गेलं. हर्णैच्या बंदरात लिलाव चालला होता. त्या गलक्यात आई मध्ये उभ्या राहून तोंडभर हसत होत्या. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. "कसा दिसतो गं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "पाण्यात पाय सोडून बसलेल्या माणसासारखा. उठायचा विचार नाही त्याचा." त्या म्हणाल्या, "तुला यायला लागलं." बाकीची मंडळी आता आमच्यासाठी थांबायची नाहीत, आम्ही त्यांच्यासाठी थांबायचो.

रोज संध्याकाळी हेमंतचा फोन यायचा.

"बसली का टेम्पोत?"

"नाही."

"खरं सांग."

"त्यांनाच विचार."

तो विचारायचा नाही.

दाभोळच्या अलीकडे मात्र खऱ्या चढाशी गाठ पडली. कोळथऱ्याहून निघायला उशीर झाला होता, ऊन डोक्यावर आलेलं. जांभ्या दगडाचा लाल कडा, त्यावरून तसाच चढत गेलेला रस्ता, आणि झाड म्हणून नाही. निम्म्यावर माझ्या पोटरीत गोळा आला. असा आला की मी किंचाळले आणि सायकल कशीबशी कडेला लागली. मी धुळीतच बसले. पाय सरळ होईना. आईंनी चाचपत माझी पोटरी धरली आणि चोळायला लागल्या.

टेम्पो येऊन शेजारी उभा राहिला. दार उघडलं गेलं. आतली सावली नुसती बघूनही गार वाटली. अश्फाक सायकलवरून उतरला. पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. त्याच वेळी हेमंतचा फोन वाजला.

"दुपारी कशी आठवण झाली?"

"सहज. कुठे आहात? आवाज असा का येतोय तुझा?"

मी सांगितलं. तो मग म्हणाला, "रेवती, वेडेपणा पुरे. बसा टेम्पोत. आईला काही झालं तर? ते मी सौद्यात धरणारच नाही. किल्लीचं आपण घरी बघू. ती बसली हे कुणाला कळणार आहे?"

फोनमधला आवाज आईंना ऐकू जात होता. त्यांना सगळंच ऐकू जायचं. पण त्या मान खाली घालून माझी पोटरी चोळत राहिल्या.

मी फोन ठेवला. आणि खोटं कशाला सांगू, मला बसायचं होतं. त्या उन्हात मला दुसरं काहीच नको होतं.

"आई," मी म्हटलं, "माझा पाय…"

"तू बस," आई म्हणाल्या.

"आणि तुम्ही?"

"मी चालत येते. सायकल धरून. अश्फाक पुढं बोलत चालेल, त्याच्या आवाजामागं येईन मी. बोलायला काय, त्याला थांबव म्हटलं तरी थांबत नाही." त्या उठल्या, हात पुढे करून सायकल शोधली, हँडल धरलं. "तू दुखणं अंगावर काढू नकोस. सौदा माझा आहे, तुझा नाही."

आणि खरंच चालायला लागल्या. लुगड्याचा काष्टा घट्ट, पायात हेमंतचे कॅनव्हासचे बूट, डोक्यावर शिरस्त्राण तिरकं झालेलं. सायकल त्यांच्या उंचीला मोठी होती. ती एका बाजूला कलत होती आणि त्या तिला उचलून धरत होत्या. अश्फाक माझ्याकडे बघत होता. टेम्पोचं दार उघडंच होतं.

सौदा माझा आहे, तुझा नाही. ऊन नव्हे, ते लागलं मला. माझ्याकडेही एक किल्ली होती. त्या कुलपाच्या आत माझंही घर होतं.

मी लंगडत गेले. पुढच्या बैठकीवर टांग टाकली.

"चढा," मी म्हटलं.

"पाय?"

"चढा हो!"

अश्फाकने धक्का दिला. पहिल्या फेऱ्याला डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्याला कळलं की दम नाही, आवाजही नाही. तरी ओळ मीच टाकली. अशी टाकली की घरात आम्ही कुणीही ती कधी बोललो नव्हतो.

*घराच्या गं दाराला, कुलूप पितळी जडलं…*

मागून फक्त चेनचा आवाज. मला वाटलं, चुकलं, नियमाबाहेर गेलं हे. मग फार हळू, पुटपुटल्यासारखी आली,

*आतल्या म्हातारीवाचून, कुणाचं गं काय अडलं?*

दोन वर्षं ती बाई, त्या एका सौद्याखेरीज, कुलपाविषयी चकार शब्द बोलली नव्हती. तो शब्द असा, चढावर, माझ्या पाठीमागे, जात्याच्या नियमात सांडला. मला रडायला यायला हवं होतं, पण रडायला दम लागतो, आणि दम सगळा पायात होता. मी ओरडले,

*माझं अडलं, माझं अडलं, दाभोळच्या चढावरी!*

आणि मागून आवाज फुटला. असा फुटला की वरच्या कड्यावर बसलेली घार उठली.

*मग दाब की पायडल पोरी, मी आहे ना माघारी!*

त्यानंतर नवी ओवी सुचायला वेळच नव्हता. तीच एक आम्ही पुन्हा पुन्हा म्हणत राहिलो. माझं अडलं, माझं अडलं. मी आहे ना माघारी. पोटरी दुखत होती, पण ती आता एकटीची नव्हती. सायकलला चार पाय होते आणि त्यातला एक दुखरा होता, एवढंच. कडा संपला, वरचा सपाट कातळाचा सडा लागला, वारा आला. खाली दाभोळची खाडी पसरली आणि पलीकडच्या टेकडीवर अंजनवेलचा गोपाळगड दिसला. टेम्पोवाला मागून भोंगा वाजवत होता, थांबतच नव्हता. अश्फाक सायकलवर उभा राहून ओरडत होता, "मावशी, आलं माझं गाव! आलं माझं गाव!"

उतरल्यावर मी पदर शोधायला लागले. माझ्या अंगात टी-शर्ट. आईंनी आपला पदर माझ्या हातात दिला. सायकल मी पुसली.

*

तवसाळहून शेवटची होडी. पलीकडे जयगड. धक्क्यापासून किल्ल्याच्या दारापर्यंत शेवटचा चढ, तसा लहानसाच. आम्ही तो गात गात चढलो. दोघींचे आवाज बसले होते, कावळ्यांसारखे.

दरवाज्यापाशी आपली मंडळी सायकली टेकवून उभी होती. टाळ्या वाजवत होती. त्यांच्या पुढे हेमंत. पुण्याहून पहाटेच निघून आला होता. आम्हाला बघून त्याचा चेहरा असा झाला, की मी त्याला लग्नातही तसा बघितला नव्हता.

तो पुढे आला, आईंच्या पाया पडला. "आई, कमाल केलीस!"

"टेम्पोवाल्याला विचार. अश्फाकला विचार."

"विचारायचं काय त्यात."

आईंनी तळहात पुढे केला. सरळ, उघडा.

हेमंतने त्या हाताकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग समुद्राकडे. "आई, तसं ते आपण… चेष्टेत बोललो होतो गं. पुण्याचा रस्ता म्हणजे काय हा आहे का? तिथे गाड्या बघितल्यास का? म्हणजे… घरी जाऊन बोलू ना. सगळ्यांसमोर कशाला?"

टाळ्या थांबल्या होत्या. अश्फाक खाली बसून उगाच चाकाची हवा बघायला लागला. मला बोलायचं होतं, ओठावर आलंही होतं. पण आईंनी हात मागे घेतला नव्हता. त्यांनी मान जरा तिरकी केली, हेमंतचा श्वास कुठून येतोय तिकडे, आणि बसलेल्या आवाजात, भर उन्हात, किल्ल्याच्या दारात, टाकली,

*जयगडच्या दारी लेका, माय पायानं आली…*

आणि थांबल्या.

हेमंत दचकला. चाळीस वर्षांचा माणूस, पण डोळ्यांसमोर माझ्या तो लहान झाला. त्याचे ओठ हलले. मला वाटतं, त्याला स्वतःलाही कळलं नसेल की तो जुळवतोय.

"रस्त्यावरच्या गाड्यांची…" तो म्हणाला. घसा साफ केला. "रस्त्यावरच्या गाड्यांची, भीती मलाच गं आली."

कुणी हसलं नाही. तो खरं बोलला होता. दोन वर्षांत पहिल्यांदा. आईंचा चेहरा हलला. उघडा हात तसाच वर गेला, त्याच्या गालाला लागला, कानापर्यंत फिरला आणि पुन्हा खाली येऊन पसरला.

"आलीला आली चालत नाही," त्या म्हणाल्या. "तेव्हाही चालत नव्हती. उतरून चालायचं का रे?"

आता मात्र सगळे हसले. हेमंतही हसला, आणि हसता हसता त्याने डोळे पुसले. खिशात हात घातला. जुडग्यातून एक किल्ली सोडवायला त्याला फार वेळ लागला, नख अडकत होतं. सुटली तशी त्याने ती आईंच्या तळहातावर ठेवली, वरून त्यांची बोटं मिटवली आणि ती मूठ आपल्या दोन्ही हातांत धरून म्हणाला,

*तिच्या घराची किल्ली, तिच्या हवाली झाली.*

"हां," आई म्हणाल्या. "ही जुळली."

टेम्पोवाल्याने भोंग्यावर हात ठेवला तो उचललाच नाही. किल्ल्याच्या बुरुजावरून पारवे उठले, खाडीवर गेले, वळून परत आले. आईंनी किल्ली कनवटीला खोचली आणि पदराने सायकल पुसायला घेतली. हँडल, दांडी, दोन्ही बैठका. मग पदराचं तेच टोक हेमंतच्या तोंडावरून फिरवलं. नाक पुसलं त्याचं.

*

पुण्याला आल्यावरचा पहिला रविवार. उशिरा जाग आली. घरात चहाचा वास नाही, भांड्यांचा आवाज नाही. हेमंत उठून आईंच्या खोलीत गेला, तसाच धावत बाहेर आला. अंथरुणाची घडी घातलेली, काठी नाही, दुधाची किटली नाही. त्याने दार ओढलं. उघडेना.

दाराला बाहेरून कुलूप होतं.

तो माझ्याकडे बघायला लागला आणि मी सोफ्यावर पडून हसायला लागले, इतकी की मला बोलता येईना. तो दाराला कान लावून उभा राहिला. मग खालच्या जिन्यावर काठी वाजली. टक, आणि पायरी. टक, आणि पायरी. आणि त्याबरोबर एक आवाज, जुना, खरखरीत, सावकाश वर चढणारा.

शेजारच्या काकूंचं दार उघडलं. "अहो खुटवडबाई, एकट्याच? आणि घराला कुलूप?"

"आत दोन माणसं झोपलीत हो," आई म्हणाल्या. "दार उघडं टाकून कसं जायचं?"

कुलपात किल्ली फिरली. पण दार लगेच उघडलं नाही. पलीकडून त्यांनी पहिली ओळ टाकली आणि थांबल्या.

हेमंतने दाराला कपाळ टेकलं, डोळे मिटले, आणि दुसरी शोधायला लागला.